न पाहिलेल्या आकाशांचा साक्षीदार

शनि म्हटला कीं आपल्याकडील माणसाच्या मनांत प्रथम साडेसाती येते आणि मागोमाग मारुतीच्या देवळांतील तेलाची धार येते. शनि दिसतो तरी कसा, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाहीं; त्याची दृष्टि आपल्यावर न पडो, एवढीच त्याची इच्छा असते. आज ज्या गृहस्थाची हकीकत मी आपणांस सांगणार आहें त्याची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. त्यानें वयाच्या सतराव्या वर्षीं एका रात्रीं शनीकडे पाहिलें, आणि त्यानंतरच्या ऐंशी वर्षांच्या आयुष्यांत कितीहि उद्योग बदलले तरी त्याची दृष्टि फिरून फिरून शनीकडेच वळत राहिली.

त्याचें नांव चेस्ली बॉनेस्टेल. अमेरिकेंतील विज्ञानकथांच्या मासिकांचीं मुखपृष्ठें रंगविणारा चित्रकार, अशी त्याची ओळख करून देण्याचा प्रघात आहे, व ती खोटीहि नाहीं. परंतु अशा मासिकासाठीं त्यानें पहिलें मुखपृष्ठ काढलें तें १९४७ सालच्या ऑक्टोबरांत, आणि त्या वेळीं त्याला साठ वर्षें पुरीं होण्यास अवघे दोन-तीन महिने उरले होते. ज्या वयांत मनुष्य पेन्शनीच्या गोष्टी बोलूं लागतो त्या वयांत हा गृहस्थ एका नव्या धंद्यांत नांव काढूं लागला. तत्पूर्वींचीं चाळीस वर्षें त्यानें काय केलें, हें पाहिल्यावांचून त्याच्या चित्रांतील सामर्थ्याचा उलगडा होत नाहीं; आणि माझ्या मतें त्या चित्रांतील दोषाचाहि होत नाहीं.

बॉनेस्टेल १८८८ सालच्या १ जानेवारीस सॅन फ्रान्सिस्को शहरीं जन्मला. योगायोग असा कीं, त्याच आठवड्यांत, ३ जानेवारीच्या रात्रीं, तेथून सुमारें पन्नास मैलांवरील माउंट हॅमिल्टन नांवाच्या डोंगरावर लिक वेधशाळेच्या ३६ इंची दुर्बिणींतून प्रथमच आकाश पाहण्यांत आलें. भिंगांच्या दुर्बिणींत त्या काळीं तिच्याएवढी मोठी दुसरी नव्हती. जेम्स लिक नांवाच्या धनिकाच्या द्रव्यांतून ती उभी राहिली, आणि तिच्या स्तंभाच्या पायाशींच त्याला पुरण्यांत आलें आहे. तेव्हां ही वेधशाळा एका अर्थानें त्याची समाधीहि होय.

१९०५ सालीं सतरा वर्षांचा बॉनेस्टेल हा डोंगर चढून गेला. त्या रात्रीं मोठ्या दुर्बिणींतून त्यानें चंद्र पाहिला, आणि शेजारच्या लहान, १२ इंची दुर्बिणींतून शनि पाहिला. मोठ्या दुर्बिणींतील चंद्रापेक्षां लहान दुर्बिणींतील शनिच त्याच्या मनांत अधिक ठसला. ज्यांनीं दुर्बिणींतून शनि एकदां तरी पाहिला असेल त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. चंद्र नुसत्या डोळ्यांनाहि ओळखीचा असतो. दुर्बीण त्याला केवळ जवळ आणते. शनि मात्र डोळ्यांना निव्वळ एक पिवळसर ठिपका दिसतो, आणि भिंगांतून पाहतांच त्या ठिपक्याच्या जागीं वलयासह एक सबंध, वाटोळी, काळ्या पोकळींत अधांतरीं राहिलेली वस्तु दिसूं लागते. कोणी तरी भिंगावर चित्र चिकटवून आपली थट्टा केली असावी, असा संशय पुष्कळांस प्रथम येतो. घरीं परतल्यावर बॉनेस्टेलनें त्या शनीचें चित्र रंगविलें. पुढच्याच वर्षीं, १९०६ च्या एप्रिलच्या १८ तारखेस, पहांटे भूकंपानें सॅन फ्रान्सिस्को शहर हाललें, आणि त्या पाठोपाठ उठलेल्या आगींनीं तें तीन दिवसांहून अधिक काळ जाळलें. त्या आगींत तें चित्र गेलें.

पुढें तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत वास्तुशिल्प शिकावयास गेला, आणि तिसऱ्या वर्षीं पदवी न घेतांच बाहेर पडला. पण तोंवर त्याच्या हातांत एक कसब आलें होतें व त्या कसबाला बाजारांत मागणी होती. इमारत बांधावयाची म्हणजे प्रथम नकाशा लागतो. परंतु नकाशा वाचतां येणें ही सर्वांस साधणारी गोष्ट नव्हे. ज्याच्या खिशांतून पैसा जावयाचा त्या मालकास नकाशावरील रेघांतून आपली भावी वास्तु दिसत नाहीं. त्याला ती पुरी बांधून झालेली, दारापुढें झाडें वाढलेली, भिंतीवर उन्हाची तिरीप पडलेली अशी दाखवावी लागते. आणि हें सारें कल्पनेच्या लहरीवर सोडून चालत नाहीं. खिडकी किती फुटांची, पाहणारा किती दूर उभा आहे, सूर्य कोणत्या बाजूस आहे, हें ठरलें म्हणजे छाया कोठवर पडेल हें गणितानें ठरतें. आपले चित्रकलाशिक्षक ज्यास यथार्थदर्शन म्हणतात तें हेंच. असें चित्र काढणारा मनुष्य हा एक प्रकारचा साक्षीदारच असतो. फरक इतकाच कीं, अजून न घडलेल्या गोष्टीची तो साक्ष देतो.

भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्को पुन्हां उभें राहत होतें. तेथें विलिस पोक या नामांकित वास्तुशिल्पज्ञाच्या हाताखालीं बॉनेस्टेलनें काम केलें. मध्यंतरीं कांहीं काळ तो इंग्लंडांत होता व तेथील ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकासाठीं चित्रें काढीत होता. त्याची पत्नी रूबी हेल्डर ही स्त्री असून पुरुषांच्या टेनर आवाजांत गाणारी म्हणून इंग्लंडांत प्रसिद्ध होती, व तिच्या ग्रामोफोनच्या ध्वनिमुद्रिकाहि निघाल्या होत्या. अमेरिकेंत परतल्यावर त्याचा हात लागला तो न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीस. विल्यम व्हॅन ॲलन यानें योजिलेली ही ७७ मजली, १०४६ फूट उंचीची इमारत १९३० सालीं पुरी झाली आणि सुमारें अकरा महिने ती जगांतील सर्वांत उंच इमारत म्हणून मिरविली. तिच्या दर्शनी भागाच्या सजावटींत, आणि एकसष्टाव्या मजल्याच्या कोपऱ्यांतून माना बाहेर काढून बसलेल्या धातूच्या गरुडांच्या योजनेंत बॉनेस्टेलचा वांटा आहे.

तेवढ्यांत अमेरिकेवर मंदीची लाट आली. इमारती बांधणारे घरीं बसले. मग त्यांचीं चित्रें काढणारास कोण विचारतो? बॉनेस्टेल पश्चिम किनाऱ्यास परतला, आणि तेथें त्याला काम मिळालें तें एका पुलाचें. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराचें तोंड अरुंद आहे, त्यास गोल्डन गेट म्हणतात. तेथील भरती-ओहोटीचा ओढ, वारा आणि धुकें पाहतां तेथें पूल होणें शक्य नाहीं असें म्हणणारे लोक थोडे नव्हते. मुख्य एंजिनियर जोसेफ स्ट्रॉस याच्या योजना पैसा पुरविणारांना समजाव्यात यासाठीं त्यांचीं चित्रें बॉनेस्टेलनें काढून दिलीं. बांधकाम १९३३ सालच्या जानेवारींत सुरू झालें व १९३७ सालच्या मेमध्यें पूल खुला झाला. दोन मनोऱ्यांमधील अंतर ४२०० फूट, आणि तेवढ्या अंतरांत पाण्यांत एकहि खांब नाहीं. हा पूल पाण्यावर उभा राहण्यापूर्वीं कागदावर उभा होता, व कागदावर तो उभा करणारांपैकीं बॉनेस्टेल हा एक होता.

पन्नाशीच्या सुमारास या मनुष्यानें पुन्हां धंदा बदलला आणि तो हॉलिवुडांत गेला. तेथें त्यानें काय केलें हें सांगण्यासाठीं मी आपणांस आपल्या नाटक कंपन्यांच्या रंगविलेल्या पडद्यांची आठवण देतों. राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, अरण्याचा पडदा. त्यांपुढें नट उभा राहून गाऊं लागला कीं पडदा कापडाचा आहे हें प्रेक्षक आनंदानें विसरत असे. कॅमेरा मात्र असा सहृदय प्रेक्षक नव्हे. त्याला कापड हें कापडच दिसतें. म्हणून चित्रपटवाल्यांनीं दुसरी युक्ति काढली. मंदिराचा अगर महालाचा जेवढा भाग नटांच्या आसपास येतो तेवढाच खरोखर बांधावयाचा. वरचे मनोरे, कळस, मागचें शहर हें सारें निराळें रंगवावयाचें. आणि दोहोंचीं चित्रें एकाच फिल्मवर अशीं बेमालूम जोडावयाचीं कीं सांधा कोठें आहे हें कळूं नये. रंगविलेल्या भागांतील प्रकाश बांधलेल्या भागांतील प्रकाशाशीं एका केसानें चुकला तरी सोंग उघडें पडतें. १९३९ च्या ‘हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ मध्यें मध्ययुगीन पॅरिस, १९४१ च्या ‘सिटिझन केन’ मध्यें डोंगरावरील तो अवाढव्य महाल, त्याच्या पुढच्या वर्षीं ‘मॅग्निफिसंट ॲम्बर्सन्स’, अशा चित्रपटांत बॉनेस्टेलच्या कुंचल्याचें काम आहे. लक्षावधि लोकांनीं तें पाहिलें. आणि पाहिलें हें त्यांना कळलें नाहीं, यांतच त्या कामाचें यश होतें. श्रेयनामावलींत त्याचें नांव नव्हतें.

आतां या मनुष्याजवळ काय काय जमा झालें तें पाहा. लहानपणीं पाहिलेला शनि, वास्तुशिल्पाचें यथार्थदर्शन, आणि कॅमेऱ्याला फसविण्याची विद्या. तिघांचा मेळ त्याच्या मनांत केव्हां तरी बसला, आणि कोणी न सांगतां त्यानें एक चित्रमाला तयार करून ती ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकास दाखविली. १९४४ च्या २९ मेच्या अंकांत ती छापून आली. शनीच्या निरनिराळ्या उपग्रहांवर आपण उभे राहिलों तर तेथून शनि कसा दिसेल, हा तिचा विषय.

ही कल्पना त्याच्यापूर्वीं कोणास सुचली नव्हती असें नाहीं. नवें होतें तें तिच्यांतील हिशेबीपण. आपल्या चंद्राचें बिंब आकाशाचा सुमारें अर्धा अंश व्यापतें. टायटन हा शनीचा सर्वांत मोठा उपग्रह त्याच्यापासून सुमारें १२ लक्ष किलोमीटरवर आहे आणि शनीचा व्यास सुमारें १ लक्ष २० हजार किलोमीटर आहे. तेव्हां टायटनवरून शनि साडेपांच अंशांहून थोडा अधिक, म्हणजे आपल्या चंद्राच्या अकरापट रुंद दिसला पाहिजे. मायमस हा लहान उपग्रह शनीच्या कितीतरी जवळ, सुमारें १ लक्ष ८५ हजार किलोमीटरवर फिरतो. तेथून शनि इतका मोठा दिसेल कीं क्षितिजापासून डोक्यावरच्या बिंदूपर्यंतच्या अंतराचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग तो एकटाच व्यापील. उलट आयापेटस हा ३५ लक्ष किलोमीटरांहून दूर. तेथून शनि आपल्या चंद्राच्या चौपटीच्या आसपास. बॉनेस्टेलनें हा सारा हिशेब चित्रांत उतरविला, आणि चित्रांतील शनीचें रूप त्या हिशेबाबाहेर जाऊं दिलें नाहीं.

त्यांतील टायटनवरील चित्र जगप्रसिद्ध झालें. बर्फानें माखलेले काळपट कडे, त्यांच्यामध्यें निळसर आकाश, आणि त्या आकाशांत शनीची भली मोठी कोर. पण मला त्या चित्रांतील सर्वांत मोलाची गोष्ट कोणती वाटते म्हणाल, तर वलयांची. टायटन हा जवळजवळ वलयांच्याच पातळींत फिरतो; म्हणून तेथून वलयें उघडीं, पसरट अशीं दिसणारच नाहींत, त्यांची नुसती कड दिसेल. लोकांना शनि आवडतो तो वलयांसाठीं. दुसरा कोणीहि चित्रकार असता तर त्यानें तीं थोडीं तिरपीं करून दाखविलीं असतीं व कोणी त्याला जाबहि विचारला नसता. बॉनेस्टेलनें तेथें एक बारीक रेघ ओढली आणि तो थांबला. खोटी साक्ष देण्याचा एवढा मोह समोर असतांना ती दिली नाहीं, हें मला विशेष वाटतें. तिरप्या वलयांची शोभा त्यानें आयापेटसच्या चित्रासाठीं राखून ठेवली. कारण त्या उपग्रहाची कक्षा कललेली आहे व तेथून वलयें खरोखरच उघडीं दिसतात.

त्यानंतर त्याला उसंत मिळाली नाहीं. ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या मासिकाचीं आणि पुढें ‘मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन’ या दुसऱ्या एका मासिकाचीं मुखपृष्ठें त्यानें काढलीं. इतर चित्रकारांच्या मुखपृष्ठांवर राक्षसी किडे आणि किंचाळणाऱ्या स्त्रिया असत. याच्या मुखपृष्ठांवर बहुधा एक निर्जन भूमि, लांब छाया, आणि क्षितिजावर एखादा अनोळखी सूर्य असे. १९४९ सालीं विली ले या जर्मनी सोडून आलेल्या लेखकाच्या मजकुरासह त्याचें ‘द काँक्वेस्ट ऑफ स्पेस’ हें पुस्तक निघालें, व त्या पुस्तकानें कित्येक मुलांस खगोलशास्त्राच्या वाटेला लावलें. पुढच्याच वर्षीं जॉर्ज पाल यानें निर्मिलेला ‘डेस्टिनेशन मून’ हा चित्रपट आला. त्यांतील चंद्रावरचा विस्तीर्ण देखावा बॉनेस्टेलचा. यान उतरावयाचें ठिकाण म्हणून हार्पालस नांवाचें, चंद्राच्या उत्तरेकडील विवर मुद्दाम निवडलें होतें. कारण तेथून पृथ्वी क्षितिजाजवळ दिसते व एकाच चित्रांत भूमि आणि पृथ्वी दोन्ही मावतात. पण जमिनीला आटलेल्या तळ्यासारख्या भेगा पाडण्यांत आल्या, त्यामुळें लहानसा मंच दूरवर पसरल्यासारखा वाटत असे. बॉनेस्टेलला हें पसंत नव्हतें. चिखल भेगाळतो तो त्यांतील पाणी सुकल्यामुळें. चंद्रावर पाणी होतें कोठें? भेगा मात्र राहिल्या. चित्रपटाला दृश्यचमत्कृतीबद्दल ॲकॅडमीचें पारितोषिकहि मिळालें.

१९५२ ते १९५४ या काळांत ‘कॉलियर्स’ या साप्ताहिकानें मनुष्य अंतराळांत कसा जाईल या विषयावर आठ अंकांतून एक लेखमाला छापली. २२ मार्च १९५२ च्या पहिल्या अंकाचें मुखपृष्ठ बॉनेस्टेलचें होतें. योजना बहुतांशीं व्हर्नर फॉन ब्राउन या अग्निबाण-तज्ज्ञाच्या: १०७५ मैल उंचीवरून पृथ्वीभोंवतीं फिरणारें, २५० फूट व्यासाचें चाकासारखें एक स्थानक, पंख असलेले अग्निबाण, मग चंद्र, मग मंगळ. फॉन ब्राउन आंकडे आणि कच्चीं रेखाटनें पाठवी, आणि बॉनेस्टेल त्यांतील विसंगति दाखवून तीं परत करी. अमुक कोनांतून हा भाग दिसणार नाहीं, अमुक दोन आकृति एकमेकींशीं जुळत नाहींत, असे त्याचे आक्षेप असत. इमारतीचा नकाशा तपासणाऱ्या माणसाची ती जुनी संवय होती.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें मला योग्य वाटत नाहीं. हाच फॉन ब्राउन युद्धकाळांत जर्मनीसाठीं व्ही-२ नांवाचे अग्निबाण रचीत होता. ‘लाइफ’ मध्यें शनीचीं तीं शांत चित्रें आलीं त्यानंतर सवातीन महिन्यांनीं, १९४४ च्या सप्टेंबरांत, ते लंडनवर पडूं लागले. आणि ते बनविण्यासाठीं मिटेलबाउ-डोरा येथील छळछावणींतील कैदी राबविले जात, त्यांपैकीं हजारों मेले. फॉन ब्राउननें तो भुयारी कारखाना स्वतः पाहिला होता. ‘कॉलियर्स’च्या रंगीत पानांवर याचा मागमूसहि नव्हता. बॉनेस्टेलच्या चित्रांत यानें नेहमीं स्वच्छ आणि चकचकीत असतात. तीं पाहतांना मन उल्हसित होतें हें खरें, पण चित्राची चौकट कोठें संपते याचेंहि स्मरण ठेवणें इष्ट.

आतां चंद्राकडे वळूं. बोस्टन येथील विज्ञान-संग्रहालयासाठीं बॉनेस्टेलनें चंद्रभूमीचें एक भित्तिचित्र केलें. १० फूट उंच, ४० फूट लांब. १९५७ सालीं तें तेथें लावण्यांत आलें. एका विवराच्या कांठावर उभें राहून पाहणारास दिसणारा तो देखावा: भोंवतीं तलवारीच्या पात्यांसारखीं शिखरें, तुटलेले कडे, खोल दऱ्यांत शाईसारखी काळी छाया. पाहणारे त्यापुढें स्तब्ध होत. त्यांत अशक्य असें कांहीं वाटत नसे. कां वाटावें? चंद्रावर वारा नाहीं, पाऊस नाहीं, नद्या नाहींत. मग शिखरांच्या धारा झिजणार कशा? १८७४ सालीं नास्मिथ आणि कार्पेंटर या ब्रिटिश ग्रंथकारांनीं प्लॅस्टरचीं प्रतिरूपें करून त्यांचीं छायाचित्रें छापलीं, त्यांतहि चंद्राचे डोंगर असेच टोकदार होते. दुर्बिणींतून पाहिलें तर तिरप्या उन्हांत डोंगरांच्या लांबलचक, अणकुचीदार छाया दिसतात. छाया अणकुचीदार तर डोंगरहि तसाच, असा समज सहज होतो.

परंतु हा समज तपासून पाहणें अशक्य नव्हतें, आणि एका माणसानें तो तपासला होता. ल्युसियां रुदो हा फ्रेंच खगोलज्ञ चित्रकारहि होता. त्यानें चंद्राच्या मध्यावर नव्हे तर कडेवर नजर ठेवली. कारण कडेवरील डोंगर आपणांस बाजूनें, जसे क्षितिजावर दिसावेत तसे दिसतात. तेथें त्याला तलवारी दिसल्या नाहींत. दिसल्या त्या गोलसर, सौम्य उताराच्या टेकड्या. १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत चंद्र तसाच रंगविलेला आहे. तो खरा होता आणि नीरस होता. जगानें बॉनेस्टेलचा चंद्र उचलला.

१९६६ च्या जूनमध्यें सर्व्हेयर नांवाचें यंत्र चंद्रावर उतरलें, १९६९ च्या जुलैंत माणसें उतरलीं, आणि त्यांच्या छायाचित्रांत रुदोचा चंद्र निघाला. वारा-पाऊस नसला तरी अब्जावधि वर्षें उल्कांचा बारीक-मोठा मारा चालला आहे. त्यानेंच ते डोंगर कुटून, रगडून गोल केले आहेत. बोस्टनचें तें भित्तिचित्र १९७० सालीं उतरविण्यांत आलें. सहा वर्षांनीं तें वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय विमान-अंतराळ संग्रहालयाकडे गेलें. आतां चंद्राचें चित्र म्हणून नव्हे, तर लोक चंद्राविषयीं काय समजत होते त्याचें चित्र म्हणून.

शनीच्या वलयांशीं इतका प्रामाणिक राहिलेला मनुष्य चंद्राच्या डोंगरांविषयीं कां चुकला? मला वाटतें, याचें उत्तर त्याच्या धंद्यांच्या इतिहासांत आहे. इमारतीच्या चित्रांत कोन आणि अंतरें दिलेलीं असतात. भोंवतालची झाडें, ढग, रस्त्यावरील माणसें चित्रकारानें आपल्या पदरचीं घालावयाचीं असतात, आणि तीं अशीं घालावयाचीं कीं मालकाचें मन रमावें. शनि किती मोठा, वलयें किती कललेलीं, सूर्य कोठें, हें दिलेलें होतें. तें त्यानें अचूक उतरविलें. पायाखालची जमीन दिलेली नव्हती. ती त्यानें पदरची घातली, आणि सवयीनें रमणीय घातली. दोन्ही एकाच हातानें, एकाच सफाईनें रंगविलेलीं असल्यामुळें पाहणारास कोणतें गणित आणि कोणती पदरची भर हें ओळखतां येईना. चित्रपटांतील सांधा झांकण्याची जी विद्या त्यानें कमावली होती तिनें हाहि सांधा झांकला. त्याला मी खोटी साक्ष म्हणणार नाहीं. पण ज्याच्या शब्दावर सारा गांव विश्वास ठेवतो त्या साक्षीदारानें ऐकीव आणि पाहिलेलें यांत फरक करून सांगितला असता तर बरें झालें असतें.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. रुदोच्या टेकड्या पाहून चंद्रावर जाण्यासाठीं कोणी सरकारी खजिना उघडला असता, असें मला वाटत नाहीं. गोल्डन गेटचा पूल व्हावा म्हणून तो सूर्यप्रकाशांत झळकतांना दाखवावा लागला. हा त्यांतलाच प्रकार. फक्त पूल चित्राबरहुकूम बांधतां येतो. चंद्र तसा बांधतां येत नाहीं. तो आधींच बांधलेला असतो.

ऐंशी वर्षें उलटल्यावरहि बॉनेस्टेल स्वस्थ बसला नाहीं. कॅलिफोर्नियांत स्पॅनिश पाद्र्यांनीं उभारलेले जुने मठ त्यांच्या भरभराटीच्या काळीं कसे दिसत असतील, याचीं चित्रें त्यानें काढलीं व १९७४ सालीं तीं पुस्तकरूपानें निघालीं. उद्यांच्या इमारतींपासून सुरुवात करून हा मनुष्य कालच्या इमारतींपाशीं आला होता. दोन्ही डोळ्यांपुढें नसलेल्याच.

१९८० च्या नोव्हेंबरांत व्हॉयेजर यान शनीजवळून गेलें. त्या वेळीं बॉनेस्टेल ब्याण्णव वर्षांचा होता. टायटनजवळून जातांना यानानें त्याचीं छायाचित्रें घेतलीं, आणि त्यांत दिसलें तें नारिंगी धुक्याचें एक गुळगुळीत बिंब. ना कडे, ना दऱ्या. १९८६ च्या जूनच्या ११ तारखेस कॅलिफोर्नियांतील कार्मेल येथें तो वारला. त्यानंतर २००५ सालच्या १४ जानेवारीस ह्युजेन्स नांवाचें यंत्र हवाई छत्रीनें त्या धुक्यांतून टायटनच्या जमिनीवर उतरलें. तेथें वर निळें आकाश नाहीं. मळकट नारिंगी उजेड आहे, खालीं गोल झालेले बर्फाचे गोटे आहेत, आणि तेथें उभें राहून डोळ्यांनीं वर पाहणारास शनि दिसावयाचा नाहीं.

आयापेटसवर हवा नाहीं. तेथें धुकें नाहीं आणि आकाश काळें स्वच्छ आहे. १९४४ सालच्या चित्रांत बॉनेस्टेलनें तेथून शनीचें बिंब जेवढ्या हिशेबानें दाखविलें आणि वलयें ज्या कारणानें उघडीं दाखविलीं तो हिशेब व तें कारण आजहि तसेंच लागू आहे.